दहा नाही

माझ्या बाबांना कोणी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं, आणि नागपुरात त्यांना सगळे रब्बीच म्हणतात. नगरसेवक म्हणतो, ठाण्यातला हवालदार म्हणतो, सर्वधर्म प्रार्थनासभेच्या पत्रिकेवर दरवर्षी 'रब्बी एझ्रा झिराडकर' असं छापून येतं. बाबा ती पत्रिका मला वाचायला लावतात आणि मग माझ्यावरच ओरडतात, जणू मीच ती छापली.

"रब्बी शिकलेला राहते वं! मी आठवी पास फिटर आहो. मोतीबागेत रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक दुरुस्त करत होतो."

आमच्या बेने इस्राएल समाजात प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याला हजान म्हणतात. बाबा हजान आहेत, तेही नाइलाजानं. माझे आजोबा अलिबागकडच्या झिराड गावातून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले. बाबा नागपुरातच, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जन्मले आणि सतराव्या वर्षी वर्कशॉपला लागले. तेव्हा मेकोसाबाग ते मोहननगर आमची चाळीस घरं होती. अठ्ठ्याहत्तर साली तेव्हाचे हजान इस्राएलला निघाले आणि स्टेशनवर, गाडी हलता हलता, प्रार्थनेच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी बाबांच्या हातात देऊन म्हणाले, "एझ्रा, दोन महिने सांभाळ." त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. बाबांनी पेटी सांभाळली, लग्नं लावली, मयतं पुरली, दर शनिवारी आमच्याच बैठकीत प्रार्थना चालवली. आणि एकेक घर त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. प्रत्येकाला पोचवायला ते स्टेशनवर गेले आणि प्रत्येक वेळी घरी येऊन जेवणाच्या ताटावरून उठले.

मी मिल्का, त्यांची एकुलती एक. बावन्न वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही. बाबांच्या रागाबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण आधीच सांगून टाकते, माझा राग त्यांच्यापेक्षा मोठा आहे. त्यांचा साऱ्या जगावर आहे, माझा एकट्या त्यांच्यावर.

आमच्यात दहा पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना पुरी होते. या दहांना मिन्यान म्हणतात. नऊ असले तर जमेल तेवढं म्हणायचं, पण कादिश म्हणता येत नाही. कादिश म्हणजे मेलेल्या माणसासाठी मागं राहिलेल्यांनी उभं राहून म्हणायची प्रार्थना. बायका या दहांत धरत नाहीत. दूरदेशी कुठे कुठे धरतात म्हणे. नागपुरात नाही.

आता गंमत पाहा. बाबांना मुलगा नव्हता म्हणून सातव्या वर्षी त्यांनी मला हिब्रू शिकवायला घेतली. चुकले की टपली मारायचे. पुरुषांपैकी कोणालाच अडखळल्याशिवाय पान वाचता येत नाही, मला येतं. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं बाबांचे डोळे गेले, अंधुक उजेड तेवढा कळतो. पाठ होतं त्यातलंही आता निसटतं. म्हणून शनिवारी मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे पुस्तक घेऊन बसते. बाबा अडकले की हळूच पुढची ओळ देते. बैठकीतल्या सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे बहिरे असल्यासारखे बसतात. प्रार्थना माझ्या आवाजावर चालते, मोजताना मात्र मी चहा करणारी.

गेल्या वर्षीच्या जूनमधला एक शुक्रवार. सकाळी टीव्हीवर बातमी, तिकडे इस्राएलमध्ये मोठी लढाई पेटली, विमानं बंद. आठ वाजता फाटकाशी एक चॅनलवाला हजर. माईक पुढं करून म्हणाला, "रब्बीसाहेब, इस इलाके के ज्यू समाज की क्या प्रतिक्रिया है?"

"समाज?" बाबा खुर्चीतूनच गरजले. "नऊ माणसं उरले आम्ही! तिघायले ऐकू येत नाही, दोघायले काठीबिगर चालता येत नाही. लढाईचं मले काहून विचारून राहिले तुम्ही? ह्या गल्लीत आठ दिवसांपासून नळाले पाणी नाही, ते विचारा!"

तो गेला, तर नाक्यावरचा गोलू पानवाला आत येऊन बाबांचा हात हातात घेऊन म्हणतो, "बधाई हो काका! तुमच्यावाल्यायनं बराबर ठोकलं."

"बधाई कशाची गा? नातू झाला का मले?" बाबांनी हात झटकला. "तिकडे फ्लोराचा पोट्टा लेकरंबाकरं घेऊन तळघरात बसून राहिला, आन् तू मले बधाई देऊन राहिला!"

गोलू बिचारा चांगल्या मनानं आला होता. पण त्याच्या आदल्या महिन्यात बँकेच्या रांगेत एकानं आमचं नाव ऐकून विचारलं होतं, तुम्ही लोक लहान लेकरांना का मारता. त्याला बाबांनी विचारलं, मेकोसाबागेतून मी कोणाले मारतो गा? एक शाबासकी द्यायला येतो, दुसरा शिवी द्यायला, आणि दोघांनाही समोर बसलेला हा रेल्वेचा पेन्शनर दिसत नाही. याचा मलाही राग येतो. बाबांचे बाकीचे राग मला पटोत न पटोत, हा पटतो.

साडेआठला, आमच्या नऊ जणांत वयानं सगळ्यांत मोठे, त्या बेनीकाकांचा फोन आला, फ्लोरामावशी गेल्या.

फ्लोरामावशी किहीमकर रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. शहाऐंशी वर्षांच्या. माझा जन्म त्यांच्याच हातांवर झाला. झोपेत गेल्या, त्यांना त्रास झाला नाही, पण जायची वेळ चुकली. त्यांचा एकुलता एक मुलगा रूबेन इस्राएलमध्ये, अश्दोदला असतो. दरवर्षी आईला भेटायला यायचा. तो आला की आमचे दहा पुरे व्हायचे, आणि बाबा राहिलेले सगळे कादिश त्याच पंधरवड्यात म्हणून घ्यायचे. आता आईच्याच मयताला दहावा माणूस नाही, आणि शुक्रवार असल्यानं सूर्य मावळायच्या आत माती द्यायलाच हवी. एकदा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणारा आमचा विश्रांतीचा दिवस, लागला की पुरता येत नाही.

रूबेनचा फोन आला तेव्हा मागे भोंगे वाजत होते. पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडत होता. "एझ्राकाका, मले येता येत नाही. पण आईचा कादिश झाला पाहिजे. तिनं माह्याकडून एवढंच मागितलं होतं. मी व्हिडिओवर राहतो, मले धरा ना दहावा."

बाबा म्हणाले, "पाहतो." मग दिवसभर त्यांनी फोन केले. म्हणजे नंबर मी लावले, ओरडले ते. भुसावळला आमचे एक जण आहेत, त्यांची गाडी रात्री आठला पोचणार. पुण्याचा एक येतो म्हणाला आणि नंतर फोन उचलेना. मुंबईला एक तरुण रब्बी आहेत, बाहेर शिकून आलेले. त्याच्या आदल्या वर्षी इथे आले तेव्हा आमचं मलिद्याचं ताट पाहून विचारत होते, हा हिंदू प्रकार तुमच्यात कुठून आला? पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, एलियाहू नबीच्या नावानं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय आणि हा पोरगा विचारतो कुठून आला. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "अंकल, स्क्रीनवरचा माणूस मिन्यानमध्ये चालत नाही. दहा नसतील तर तेहिलीमची स्तोत्रं वाचा, कादिश सोडून द्या."

"सोडून द्या म्हणते!" बाबांनी फोन जवळजवळ फेकलाच. "त्याच्या मायचं मयत राहिलं असतं तर सोडलं असतं का त्यानं? नियम, नियम! इकडे येऊन राहा म्हणावं दोन वर्षं, नळाले पाणी नाही अन् प्रार्थनेले माणूस नाही अशा गल्लीत, मंग नियम सांग!"

शेजारचे संघपाल भाऊ मयताच्या तयारीला सकाळपासून आमच्याकडेच होते. बर्फ त्यांनी आणला, गाडी त्यांनी ठरवली. ते म्हणाले, "काका, मी राहतो ना उभा. टोपी घालतो, हात जोडतो. कोणाले समजते?"

बाबा एकदम मऊ झाले. "तू दहा जणायच्या बरोबरीचा आहे संघपाल. पण ते मोजणं येगळं आहे गा."

संघपाल भाऊंनी वाद घातला नाही. कोणाला धरायचं आणि कोणाला नाही, हा प्रकार त्यांच्या आजोबांना चांगला माहीत होता. त्यांनी छप्पन साली त्यातून अंग काढून घेतलं होतं. मी तिथेच उभी होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. घरात एक माणूस कमी पडतोय म्हणून सकाळपासून आरडाओरडा चाललेला, आणि ज्या बाईला सगळी प्रार्थना तोंडपाठ, तिला सांगितलं काय, तर कफन शिवून झालं का पाहा.

कफन मी शिवलं. बेनीकाकांच्या सिपोराकाकूंनी आणि मी मावशींना आंघोळ घातली, केस विंचरले, पांढरं नेसवलं. मावशींचे हात फार हलके झाले होते. ज्या हातांनी मला पहिल्यांदा धरलं ते धुताना मला रडू यायला हवं होतं, पण मी दातओठ खात होते. मनात एकच घोळत होतं, हे सगळं मी करायचं आणि शेवटी दारात थांबायचं.

कारण आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. असा काही मोठा दंडक नाही, जात नाहीत एवढंच. साडेचारला गाडी निघाली तशी मी पुस्तक घेऊन पुढच्या सीटवर बसले. बेनीकाका म्हणाले, "मिल्का, तू कुठं?"

"पान कोण वाचणार?" मी विचारलं. "तुम्ही?"

बेनीकाका मागे जाऊन बसले. बाबांनी गाडी सोडायला सांगितली.

मोठ्या कब्रस्तानाच्या मागच्या अंगाला आमची एक अरुंद पट्टी आहे. ऊन अजून भाजत होतं. खड्ड्याच्या कडेला आठ म्हातारे रांगेनं उभे राहिले, बाबा पुढे, मी बाबांच्या मागे एक पाऊल. संघपाल भाऊंनी मोबाइल उंच धरला होता, त्यात रूबेनचा चेहरा. माती टाकून झाली आणि बाबांनी मोजायला सुरुवात केली.

इथे एक सांगायला हवं. माणसं आकड्यानं मोजू नयेत असं आमच्यात मानतात. मोजली की दृष्ट लागते, कमी होतात. पण दहा झाले की नाही हे तर कळायला हवं. म्हणून माझ्या आजोबांनी वाट काढली होती. एकेकाकडे वळायचं आणि म्हणायचं, एक नाही, दोन नाही, तीन नाही. आकडाही झाला आणि मोजलंही नाही. आमच्या घरात माणसं अशीच मोजतात. पहिलीत असताना बाईंनी वर्गात मुली किती ते मोजायला सांगितलं तेव्हा मी 'एक नाही, दोन नाही' सुरू केलं आणि हातावर पट्टी खाल्ली. पुढे गणिताची शिक्षिका झाले ती बहुधा त्या पट्टीचा सूड म्हणून.

तर बाबा स्वतःपासून निघाले. एक नाही. मग प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत पुढे. दोन नाही, तीन नाही. दिसत नव्हतं म्हणून हात लावायला लागत होता. शेवटी बेनीकाकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नऊ नाही."

मोबाइलमधून रूबेन म्हणाला, "काका?"

बाबा वळले. हात चाचपडत पुढे आला आणि माझ्या खांद्यावर पडला. मला वाटलं तोल गेला म्हणून धरताहेत.

"दहा नाही," बाबा म्हणाले.

बेनीकाकांनी मान हलवली. "बरोबर आहे. दहा नाहीत. काय करता मंग? तेहिलीम वाचा आन् चला, ऊन लागून राहिलं."

"मी मोजलं, बेनी."

"काय मोजलं? आत्ताच म्हणाला ना तू, दहा नाही म्हणून."

"नऊ नाही म्हणालो तव्हा तुह्या खांद्यावर हात होता." बाबांचा आवाज चढला. "तू नाहीस का मंग इथं? हवा आहे का तू?"

बेनीकाकांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बाबांचा हात कुठे आहे ते पाहिलं. "बाई मोजली तू? एझ्रा, तुले भान आहे का? आपल्या बापानं असं केलं होतं का कधी?"

"आपल्या बापाजवळ चाळीस घरं होती!" बाबा असे ओरडले की पलीकडच्या अंगाला फुलं वाहणारी माणसं उठून उभी राहिली. "तुहे दोघं पोट्टे कुठं आहेत बेनी? माह्या भावाचे कुठं आहेत? सगळे गेले! आन् तिकडून व्हाट्‌सॲपवर फोटो पाठवते, शब्बाथ शालोम म्हणून! नऊ वर्षांपासून मी शनिवारी नऊवर येऊन थांबून राहिलो. पुस्तक कोण वाचून राहिलं आतून? माहीत नाही का तुले? तुह्या मायच्या कादिशले ओळ कोणी देल्ली होती? जिनं फ्लोराले न्हाऊ घातलं, जिच्या तोंडून आपण देवाशी बोलतो, ती माणसात नाही तर आपण कोण आहोत गा?"

खरं सांगते, आनंद वगैरे झाला नाही. हे सगळं याला माहीत होतं तर, एवढंच मनात आलं. सगळं, शब्दन्‌शब्द माहीत होतं. आणि तरी इतकी वर्षं.

बेनीकाकांनी आमच्याकडे पाठ फिरवली. गेले मात्र नाहीत, तिथेच उभे राहिले.

"एझ्राकाका," मोबाइलमधून रूबेनचा आवाज आला, "झाले का दहा?"

"झाले," बाबा म्हणाले आणि कादिश सुरू केला.

अर्ध्यावर ते अडकले. सवयीनं मी पुटपुटणार होते. मग मी पुस्तक मिटलं आणि ती ओळ मोठ्यानं म्हटली, बाबांच्या शेजारी उभी राहून, पुढची पण, त्याच्या पुढची पण. बाबा माझ्यामागून म्हणत गेले. रूबेन तिकडून म्हणत होता, मागे पडत होता, पुन्हा पकडत होता. शेवटी सगळे आमेन म्हणाले. बेनीकाका म्हणाले की नाही ते त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

परत येताना संघपाल भाऊ गाडी चालवत होते, मी आणि बाबा मागे. सूर्य अजून होता. बाबांनी रुमालानं टोपी पुसली, घडी घातली आणि समोर बघत म्हणाले, "मिल्का, आजचं आजच्यापुरतं हं. मयत होतं, मजबुरी होती. उद्या बैठकीत पडद्याबाहेर नको बसू. लोक तुटतील."

मी त्यांच्याकडे वळले. "कोणते लोक तुटतील, बाबा? नऊ आहेत."

"तुले समजत नाही."

"मले चांगलं समजते. तुमच्या बाजूनं हिशेब करून सांगते. तुम्ही जाल त्या दिवशी इथं आठ राहतील. रूबेन आला तर नऊ. मी तुमची एकटी पोरगी, कादिश माह्याच तोंडून व्हायचा. आन् मी मोजायची नाही. तर सांगून ठेवा, काय करू? तेहिलीम वाचून सोडून देऊ का तुम्हाले?"

संघपाल भाऊंनी गाडी हळू केली. कडबी चौक आला, सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी बाबा टोपीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत राहिले. माझा राग काही उतरत नव्हता. ऐंशी उलटल्यावर, डोळे गेल्यावर, चाळीस घरं रिकामी झाल्यावर, तेव्हा कुठे यांचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला आणि तोही तासाभरात मागे घ्यायला निघाले.

"माह्या येळी मोजाले मी नसन," बाबा शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तूच मोजजो."

"मोजीन. पण एक नाही, दोन नाही म्हणणार नाही. सरळ एक, दोन, तीन. काय दृष्ट लागायची ती लागू दे. आन् पहिली मी."

"पहिली काहून?" बाबा एकदम भडकले, सीटवर ताठ बसले. "वयानं मोठा बेनी आहे. पहिला बेनी."

"बेनीकाका पाठ फिरवून उभे राहतात."

"राहू दे उभा. पहिला बेनी, मंग तू."

घर येईपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.